पांढऱ्या पेशींना नेमका अंगठाच कसा सापडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं वय ६२. लग्नाचं जेवण झालं आणि त्याच रात्री दोनच्या सुमारास उजव्या पायाचा अंगठा ठणकायला लागला. सकाळपर्यंत तो लालबुंद झाला, चादरीचा स्पर्शसुद्धा सोसवेना. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी १४,२००, सीआरपी (अंगातली सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) बरंच वाढलेलं, युरिक ॲसिड मात्र ५.९, म्हणजे नॉर्मल. डॉक्टरांनी गाऊट, म्हणजे युरिक ॲसिडच्या स्फटिकांमुळे होणारा संधिवात, सांगितला आणि कोल्चिसिन दिलं. मुलाने विचारलंय: पांढऱ्या पेशी तर अंगभर फिरत असतात, मग त्यांना नेमका अंगठाच कसा सापडतो? त्यांना निरोप कोण देतं? आणि तो निरोपच अडवणारं औषध का देत नाहीत?

मी संधिवाताचा डॉक्टर. गाऊटचे पेशंट रोज बघतो, पण त्यांच्या घरच्यांकडून हा पहिला प्रश्न क्वचितच येतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निरोप म्हटलं की अंगठ्याने हाक मारली आणि पेशी धावत निघाल्या असं चित्र डोळ्यांसमोर येतं. तसं होत नाही. रक्तातून वाहणाऱ्या न्यूट्रोफिलला (पांढऱ्या पेशींचा हा मुख्य प्रकार) अंगठ्यात काय चाललंय याची गंधवार्ताही नसते. अंगठ्यातून सुटलेली प्रथिनं पहिल्यांदा तिथल्या रक्तवाहिनीची भिंत बदलतात. वाहत वाहत त्या भिंतीपाशी आलेली पेशी मग तिथे अडकते. बोलावणं पेशीला जात नाही, जागेवर खूण केली जाते. ही एवढी गोष्ट धरून ठेवा. काही औषधं का चालतात आणि काही का फसतात, तेही हिच्यावरूनच कळतं.

सुरुवात स्फटिकांपासून. युरेट, म्हणजे रक्तातलं युरिक ॲसिड, ३७ अंश तापमानाला रक्तात साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपर्यंत विरघळून राहतं. पायाचा अंगठा अंगापेक्षा थंड, त्यामुळे तिथे ही मर्यादा आणखी खाली येते आणि वर्षानुवर्षं सुईसारखे बारीक स्फटिक साचत जातात. नुसते साचल्याने बहुतेकदा काहीच होत नाही. ठणका उठतो तो सांध्याच्या अस्तरातल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशी हे स्फटिक गिळतात तेव्हा. गिळलेला स्फटिक काही पचत नाही. पेशीच्या आत एनएलआरपी-३ नावाचं प्रथिन जागं होतं, त्याच्याभोवती आणखी प्रथिनं जुळतात आणि इन्फ्लमॅसोम नावाची जुळणी तयार होते. ती कास्पेज-१ या एन्झाइमला कामाला लावते. इंटरल्युकिन-१ बीटा हे निरोपाचं प्रथिन पेशीत आधी ३१ किलोडाल्टनच्या निष्क्रिय रूपात पडलेलं असतं. कास्पेज ते कापून १७ किलोडाल्टनचं करतं आणि ते बाहेर पडतं. स्फटिक आणि इन्फ्लमॅसोम यांचा हा संबंध २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या युर्ग चॉप यांच्या गटाने दाखवला. तोवर स्फटिकामुळे पेशीच्या आत नेमकं काय होतं ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

कापायला आधी कच्चा माल हवा, आणि तो नेहमी तयार नसतो. तो बनवण्यासाठी मॅक्रोफेजला वेगळा इशारा लागतो. लांब साखळीची फॅटी ॲसिडं हा इशारा देऊ शकतात असं प्रयोगांत दिसलंय. लग्नाचं जेवण इथे येतं. स्फटिक कैक वर्षं तिथे होतेच, त्या रात्री दुसरी अट पुरी झाली. रात्रीच का, तर मध्यरात्र ते सकाळी आठ या वेळात गाऊट उसळण्याचा धोका दिवसाच्या मानाने दुपटीहून जास्त असतो. झोपेत अंगाचं तापमान उतरतं आणि पाणी कमी पडतं, ही त्याची मानली जाणारी कारणं.

आता भिंतीकडे वळू, कारण खरी करामत तिथे आहे. इंटरल्युकिन-१ बीटा आणि त्याच्या जोडीचं टीएनएफ हे दुसरं निरोपाचं प्रथिन शेजारच्या बारीक शिरांच्या अस्तराला जाऊन भिडतात. या अस्तराच्या पेशींकडे सिलेक्टिन नावाची चिकट प्रथिनं असतात. पी-सिलेक्टिन पेशीत आधीच साठवलेलं असतं, ते काही मिनिटांत पृष्ठभागावर येतं. ई-सिलेक्टिन नव्याने बनवावं लागतं, त्याला चार-सहा तास लागतात. जेवणानंतर लगेच काही नाही आणि पहाटेपर्यंत अंगठा टम्म, या वेळापत्रकात हे तास मोजलेले असतात.

वाहती न्यूट्रोफिल सिलेक्टिनला अडखळते. घट्ट चिकटत नाही. बोराटीच्या झुडपाशेजारून जाणाऱ्याचं धोतर अडकत-सुटत जावं, तशी ती भिंतीवरून घरंगळत राहते. वेग मंदावल्यामुळे तिला भिंतीवर काय लावून ठेवलंय ते ‘वाचायला’ सवड मिळते. तिथे लावलेलं असतं इंटरल्युकिन-८. नाव इंटरल्युकिन असलं तरी कुळ वेगळं: पेशींना दिशा दाखवणाऱ्या केमोकाइन नावाच्या छोट्या प्रथिनांचं. माणसात अशी पन्नासच्या आसपास केमोकाइन आणि ती ओळखणारे, पेशीच्या अंगावरचे विसाच्या आसपास रिसेप्टर आहेत. इंटरल्युकिन-८ हे त्यांतलं सगळ्यात आधी ओळखलं गेलेल्यांपैकी एक, १९८७ सालचं, जेमतेम ७२ अमिनो आम्लांचं. ते सुटं राहिलं तर रक्ताबरोबर क्षणात वाहून जाईल. म्हणून अस्तराच्या पेशींवर हेपरान सल्फेट नावाच्या साखरेच्या साखळ्या असतात, त्या ते धरून ठेवतात.

धरून ठेवण्याला किती महत्त्व आहे ते १९९४ च्या एका प्रयोगात दिसलं. रक्तात कायम भरपूर इंटरल्युकिन-८ राहील असे उंदीर तयार केले. निरोप जास्त म्हणजे सूज जास्त असं कुणालाही वाटेल. झालं उलटं. रक्तात न्यूट्रोफिल वाढल्या, पण ऊतीत मात्र त्यांना नीट शिरता येईना. सगळीकडेच खूण असली की कुठेच खूण नसल्यासारखं होतं.

इंटरल्युकिन-८ रिसेप्टरला लागलं की निमिषभरात न्यूट्रोफिलच्या अंगावरची इंटिग्रिन प्रथिनं, जी एरवी मिटलेली असतात, उघडून ताठ होतात. ती भिंतीवरच्या आयकॅम-१ ला घट्ट पकडतात आणि पेशी थांबते. मग ती चपटी होऊन भिंतीवर सरपटते, दोन पेशींच्या मधली फट शोधते आणि काही मिनिटांत पलीकडे उतरते. घरंगळणं, वाचणं, थांबणं, ओलांडणं: चारही पायऱ्या जिथे एकत्र जुळतात, तिथेच पेशी बाहेर पडते. पायाच्या करंगळीपाशी किंवा कानाच्या पाळीत त्या रात्री या पायऱ्या जुळलेल्या नव्हत्या, म्हणून तुमच्या वडिलांची करंगळी शाबूत राहिली.

हे सगळं पुस्तकी वाटत असेल तर एक आजार सांगतो. काही बाळं इंटिग्रिनचा सीडी-१८ नावाचा भाग नसलेली जन्माला येतात. नाळ साधारण आठ-पंधरा दिवसांत गळून पडते, या बाळांची तीन-चार आठवडे पडत नाही. पुढे वारंवार जंतुसंसर्ग होतात. रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी लाखाच्या वरसुद्धा जातात, पण जखमेत पू म्हणून नाही. पेशींची फौज रक्तात खच्चून भरलेली, आणि एकही भिंतीला धरून थांबू शकत नाही. मुंबईत परळला केईएमच्या आवारात असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत अशा आजारांचं निदान होतं. लहान बाळाच्या रिपोर्टमध्ये पेशी अफाट आणि जखमेत पू नाही असं दिसलं, तर आपल्या बालरोगतज्ज्ञाला हा आजार सुचायलाच हवा.

याच्याच भावकीतला दुसरा आजार आणखी विलक्षण, आणि त्याचा धागा थेट मुंबईशी जातो. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक रक्तगट वर्णन केला, जो आज जगभर बॉम्बे रक्तगट म्हणून ओळखला जातो. या लोकांच्या लाल पेशींवर एच नावाचा अँटिजेनच नसतो, त्यामुळे त्यांना ओ गटाचं रक्तही चालत नाही. एच अँटिजेनच्या टोकाला फ्यूकोज ही साखर असते. सिलेक्टिन न्यूट्रोफिलवरच्या ज्या साखरेला अडकतं, तिच्यातही फ्यूकोज लागतं. १९९२ मध्ये दोन मुलं नोंदवली गेली, ज्यांच्या शरीरात फ्यूकोज जोडण्याचं कामच सगळीकडे बिघडलेलं होतं: रक्तगट बॉम्बे, आणि पेशी भिंतीवर घरंगळतच नाहीत. सर्वसाधारण बॉम्बे गटाच्या माणसाला घाबरायचं कारण नाही. त्याच्यात एकाच एन्झाइमचा दोष असतो, सिलेक्टिनची साखर शाबूत असते.

भिंत ओलांडली की पुढे खुणा बदलतात. आता पेशी खरोखरच वास काढत जाते. जिकडे रसायन जास्त तिकडे. तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला जाणवणाऱ्या प्रमाणात एक-दोन टक्क्यांचा फरक असला तरी तिला दिशा कळते. ही पेशी लांबीला दहा-बारा मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. एवढ्याशा अंतरात एवढासा फरक ओळखायचा! शिवाय खुणांमध्ये मानपान असतो. इंटरल्युकिन-८ सारखा वाटेवरचा निरोप आणि जंतूंचे फॉर्मिल पेप्टाइड किंवा रक्तातल्या कॉम्प्लिमेंट या संरक्षक प्रथिनांपैकी सी५ए यांसारखा थेट घटनास्थळाचा निरोप एकाच वेळी आले, तर पेशी वाटेवरचा सोडून घटनास्थळाकडे वळते. हा क्रम नसता तर ती रक्तवाहिनीजवळच घुटमळत बसली असती.

शिवाय पहिल्या पोचलेल्या न्यूट्रोफिल स्वतः ल्यूकोट्रायीन बी४ सोडतात, जे प्रथिन नव्हे तर स्निग्ध रसायन आहे, आणि त्याने मागच्या आणखी ओढल्या जातात. अंगठा तासातासाला वाढत्या गतीने सुजतो तो यामुळे.

सुजलेल्या गुडघ्यातून सुईने पाणी काढलं की हे सगळं डोळ्यांना दिसतं. निरोगी सांध्यातलं पाणी पारदर्शक आणि तारदार असतं. गाऊटचं गढूळ, पिवळट, पातळ. एका घन मिलिमीटरमध्ये वीस हजारांपासून कधी लाखापर्यंत पेशी, बहुतेक सगळ्या न्यूट्रोफिल. पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली न्यूट्रोफिलच्या पोटात आरपार घुसलेली सुई दिसते; मायक्रोस्कोपमधल्या कॉम्पेन्सेटर या काचपट्टीच्या अक्षाला समांतर असली की पिवळी, आडवी झाली की निळी. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना मी ती आधी दाखवतो, पुस्तक नंतर. मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी ही पद्धत १९६१ मध्ये मांडली. पुढच्याच वर्षी मॅकार्टी आणि फेअर्स यांनी युरेटचे स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यात टोचून घेतले आणि व्हायचं तेच झालं. याहून जास्त सांगणारा प्रयोग १९६६ चा. कुत्र्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी औषधाने घटवल्या आणि मग सांध्यात स्फटिक सोडले. सूज फारशी आलीच नाही. स्फटिक तेच होते, दुखवणाऱ्या पेशी नव्हत्या.

आता तुमच्या वडिलांच्या रिपोर्टकडे येतो. अंगठ्यातली भानगड रक्तात का दिसते? कारण तिथल्या पेशी इंटरल्युकिन-६ सुद्धा सोडतात, आणि हे लांब पल्ल्याचं प्रथिन आहे. ते यकृताला सीआरपी बनवायला लावतं. सहा-एक तासांत पातळी चढायला लागते, दोन दिवसांच्या आसपास शिखर गाठते. इंटरल्युकिन-१ मेंदूच्या हायपोथॅलॅमसमध्ये प्रोस्टाग्लँडिन या रसायनामार्फत ताप चढवतं. हाडांच्या मगजात दिवसाला १०० अब्जांच्या घरात न्यूट्रोफिल तयार होतच असतात. साठ्यातल्या पेशी लवकर सोडल्या जातात आणि १४,२०० चा आकडा दिसतो. त्यामुळे हा आकडा म्हणजे जंतुसंसर्गच असं नाही. पण संसर्ग नाहीच असंही यावरून म्हणता येत नाही. ताप, थंडी आणि एकच सांधा सुजलेला असेल तर पाणी काढून तपासल्याशिवाय मी गाऊट म्हणत नाही, आधी गाऊट झालेला असला तरी. आणखी एक: स्टिरॉइड दिल्यावर पांढऱ्या पेशी वाढतात. भिंतीला टेकलेल्या पेशी सुटून प्रवाहात येतात म्हणून, इन्फेक्शन वाढलं म्हणून नव्हे. दर महिन्याला कुणीतरी हा रिपोर्ट घेऊन घाबरून येतं.

युरिक ॲसिड ५.९ कसं? ठणका चालू असताना ते बऱ्याच जणांचं नॉर्मल येतं. दाहाच्या काळात मूत्रपिंडातून युरेट जास्त बाहेर पडतं आणि याचा संबंध इंटरल्युकिन-६ शी लावला जातो. या आकड्यावरून गाऊट नाही असं ठरवू नका. ठणका पूर्ण गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा.

गाऊटचा झटका औषध न घेताही आठ-पंधरा दिवसांत ओसरतो. स्फटिक तिथेच, तरी ओसरतो. काम झालेल्या न्यूट्रोफिल मरतात, मॅक्रोफेज त्यांना गिळतात, आणि मेलेली न्यूट्रोफिल गिळलेला मॅक्रोफेज इंटरल्युकिन-१० आणि टीजीएफ-बीटा ही शांत करणारी प्रथिनं सोडायला लागतो. २०१४ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेनच्या गटाने आणखी एक बाब दाखवली. भरपूर न्यूट्रोफिल एकत्र आल्या की त्या आपला डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकतात, ती जाळी एकमेकांत गुंतून गठ्ठे बनतात आणि त्यातली एन्झाइम्स सायटोकाइनच, म्हणजे इंटरल्युकिन-१ सारखी निरोपाची प्रथिनंच, कापून टाकतात. म्हणजे गर्दी स्वतःच निरोप पुसते. निरोप पुसण्याची ही सोय जिथे बिघडते, तिथे आमचा दुसरा मोठा आजार उभा राहतो: ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ज्यात सूज आपण होऊन ओसरतच नाही.

तर निरोप अडवायचं काय? वडिलांना दिलेलं कोल्चिसिन तेच करतं, पण मुख्यतः निरोपाला हात न लावता. ते न्यूट्रोफिलच्या आतल्या सूक्ष्मनलिका विस्कटतं, त्यामुळे तिला धड हलता येत नाही. अस्तरावरच्या ई-सिलेक्टिनची मांडणीही ते बदलतं. पावसाळ्यात सह्याद्रीत लाल-पिवळी झळकणारी कळलावी, तिच्या कंदात आणि बियांत हेच कोल्चिसिन असतं. म्हणून कुणी कंद उगाळून देतो म्हटलं तर अजिबात घेऊ नका. उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नाही, त्या कंदाने माणसं दगावतात. गोळीचंही तसंच. २०१० च्या एका चाचणीत कमी मात्रेने जास्त मात्रेइतकाच गुण आला आणि जुलाब कितीतरी कमी झाले. किडनी अधू असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

थेट इंटरल्युकिन-१ अडवणारी औषधं आहेत, ॲनाकिन्रा आणि कॅनाकिनुमॅब. गाऊटवर ती चालतात. पण आपोआप ओसरणाऱ्या ठणक्यासाठी एवढं महाग इंजेक्शन, तेही संसर्गाचा धोका पत्करून, मी फक्त अशांनाच सुचवतो ज्यांना कोल्चिसिन, वेदनाशामक गोळ्या आणि स्टिरॉइड यांपैकी काहीच देता येत नाही. कॅनाकिनुमॅबच्या २०१७ सालच्या हृदयविकाराच्या चाचणीत दहा हजारांवर रुग्ण होते. हृदयविकाराच्या घटना कमी झाल्या, गाऊटचे झटकेही निम्म्याहून कमी झाले, पण जीवघेणे संसर्ग वाढले.

टीएनएफची गोष्ट आपल्या देशासाठी जास्त महत्त्वाची. मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये लंडनमध्ये ऱ्हुमॅटॉइडच्या रुग्णांना टीएनएफ अडवणारी अँटिबॉडी दिली आणि आमच्या शाखेचं रूपच बदललं. २००१ मध्ये त्याच औषधावर क्षयाचे ७० रुग्ण नोंदवले गेले. कारण इथेही भिंत, पण वेगळी. क्षयाचे जंतू फुप्फुसात ज्या पेशींच्या गाठीत कोंडलेले असतात, त्या गाठी टीएनएफच्या जोरावर टिकतात. तो काढला की कोंडवाडा मोडतो. म्हणून आपल्याकडे हे इंजेक्शन सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि क्षयासाठीची माँटू (त्वचेवरची) किंवा इग्रा (रक्ताची) चाचणी. तिला कुणी फाटा द्यायला सांगितलं तर देऊ नका.

इंटरल्युकिन-८ का नाही अडवत? प्रयत्न झाले, ऱ्हुमॅटॉइड आणि सोरायसिसमध्येही, पण फारसं हाती लागलं नाही. न्यूट्रोफिलला ओढणारी केमोकाइन अनेक, शिवाय ल्यूकोट्रायीन आणि सी५ए आहेतच. एक खूण पुसली तर बाकीच्या पुरतात. वरच्या टोकाला इंटरल्युकिन-१ किंवा टीएनएफ अडवलं तर भिंतीची सगळी तयारीच थांबते. जागेची तयारी थांबवणं जमतं, वाटेवरची एकेक पाटी काढणं जमत नाही, हा माझा इतक्या वर्षांचा निष्कर्ष.

इंटरल्युकिन-६ अडवणारं टोसिलिझुमॅब २०२१ च्या कोविड लाटेत घराघरांत माहीत झालं. लोक त्यासाठी रात्रभर फोन फिरवत होते. गाऊटमध्ये खूण एका अंगठ्यापुरती होती, तिथे ती शरीरभर होती. सगळ्याच रक्तवाहिन्या एकदम गळायला लागल्या की रक्तदाब पडतो, फुप्फुसं भरतात. सगळ्यांना ते इंजेक्शन लागत नव्हतं, आणि ऑक्सिजनवरच्या बहुसंख्यांना आधी स्वस्तातलं डेक्सामेथासोन हवं होतं. ज्यांचं टोसिलिझुमॅब संधिवातासाठी चालू आहे त्यांनी एक ध्यानात ठेवावं: यकृताला निरोपच पोचत नसल्यामुळे सीआरपी जवळजवळ शून्य येतं, आत न्यूमोनिया असला तरी. अशा वेळी रिपोर्टवर विसंबू नका, ताप-खोकला असेल तर डॉक्टर गाठा.

वडिलांसाठी पुढचं असं. युरिक ॲसिड पुन्हा तपासून औषध सुरू करायचं ठरलं तर ॲलोप्युरिनॉल ही युरिक ॲसिड उतरवणारी गोळी कमी मात्रेपासून चढवत न्यायचं, पातळी ६ च्या खाली आणायची आणि पहिले तीन ते सहा महिने सोबत कमी मात्रेत कोल्चिसिन ठेवायचं. पातळी उतरू लागली की जुने स्फटिक विरघळताना सैल होतात, मॅक्रोफेजच्या तावडीत सापडतात आणि नेमका औषध सुरू केल्यावरच अंगठा ठणकतो. तेव्हा ‘गोळी सोसत नाही’ म्हणून ॲलोप्युरिनॉल बंद करू नका. ठणक्याचा उपचार वेगळा करा आणि गोळी चालू ठेवा. मात्र अंगावर पुरळ उठलं तर ती लगेच थांबवा आणि त्याच दिवशी दाखवा.